ज्याची त्याची पात

मी जळकी बाई आहे. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगितलेलं बरं. वय झालं की माणूस निवतो म्हणतात. माझं पंचेचाळिसावं उलटलं, तरी शेजारणीच्या लोणच्याला माझ्यापेक्षा चांगला रंग आला तर मला जेवण गोड लागत नाही. नवऱ्याला हे माहीत आहे, तो हसतो. पण एका बाईच्या बाबतीत हे दुखणं मला पहिलीपासून आहे आणि त्यावर मला कधी हसता आलं नाही.

ती माझ्याच गावची, माझ्याच वर्गातली. गाव कामठ्याच्या पुढं, लहानसं. गावच्या तलावाखाली आमच्या बांध्या होत्या, म्हणजे धानाची शेतं, आणि तलावाच्या दुसऱ्या अंगाला, विहाराच्या मागं तिचं घर. तिची आई पावसाळ्यात आमच्याकडं रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला यायची. वर्गात आम्ही शेजारी बसायचो. पहिली ते दहावी पहिला नंबर तिचा, दुसरा माझा. सातवीत तिला परीक्षेच्या तोंडावर गोवर निघाला तेव्हा मात्र माझा पहिला आला. निकालाच्या दिवशी गुरुजी सगळ्यांसमोर म्हणाले, "ती असती तर..." आणि थांबले. ते वाक्य मी आजवर शेकडो वेळा मनात पूर्ण केलं आहे.

घरी निकाल दाखवला की आई म्हणायची, "तिच्या घरी कंदिलावर अभ्यास करते थे पोरगी. तुले काय कमी हाय वो?" आईला वाटायचं, अशानं मला ईर्षा चढेल आणि मी पुढं जाईन. ईर्षा तेवढी चढली.

पुढं दोघींनीही डी.एड. केलं, दोघीही शाळेवर लागलो, वेगवेगळ्या तालुक्यांत. मधली पंधरा-वीस वर्षं माझी बरी गेली. मग बदल्या झाल्या आणि मला दवनीवाड्याच्या बाजूची एक शाळा मिळाली. रुजू व्हायला गेले, हजेरीवर सही केली, मान वर केली तर समोर ती. "आली का वो!" म्हणाली आणि धावत येऊन तिनं माझे दोन्ही हात धरले. तिला खरोखर आनंद झाला होता. त्याचाच मला राग आला.

शाळेत आम्ही पाच जण. मुख्याध्यापक सर, तिरोड्याच्या बाजूचे एक सर, गोंदिया शहरातून रोज येणाऱ्या एक मॅडम, ती आणि मी. मागल्या पोळ्याच्या मागंपुढं बातमी आली की जुन्या शिक्षकांनाही आता पात्रता परीक्षा पास व्हावी लागणार, नाहीतर नोकरी धोक्यात. वीस-बावीस वर्षं पोरांना शिकवलेली आम्ही माणसं. पोरांचे पेपर तपासता तपासता चष्मे लागले, आणि आता आमचाच पेपर. पहिले दोन दिवस सगळे संतापले. तिसऱ्या दिवशी तिरोड्याचे सर चुपचाप गाइड घेऊन आले, तेव्हा सगळेच घाबरलो.

परीक्षेला पाच विषय होते. बालमानसशास्त्र, मराठी, इंग्रजी, गणित आणि परिसर अभ्यास. आम्हीही पाच जण. मुख्याध्यापक म्हणाले, "एकट्यानं होणार नाही. दर रविवारी दहा वाजता शाळेत बसू. एकेकानं एकेक विषय घ्यायचा आणि बाकीच्यांना शिकवायचा." गणित माझ्याकडं आलं, ते माझंच होतं. बालमानसशास्त्र तिच्याकडं गेलं. गोंदियाच्या मॅडम म्हणाल्या, "मेरा तो गणित ज़ीरो है सर, दसवीं के बाद हाथ नहीं लगाया." त्यांना इंग्रजी दिलं.

पहिल्याच रविवारी मला वाटलं, आपण काहीतरी चांगलं बोलावं. नव्या शाळेत माझी छाप पडायची राहिली होती. मी म्हटलं, "आपण हे रोवणीसारखं करू. बांधीत कशी प्रत्येक बाईला आपली पात मिळते, तिच्या हाताच्या रुंदीचा पट्टा? जिनं तिनं आपली पात धरायची, नजर खाली, हात चालू. ज्याची त्याची पात नीट लागली की बांधी आपोआप लागते."

दोन्ही सरांनी मान डोलावली. गोंदियाच्या मॅडमनी रोवणी फक्त बसच्या खिडकीतून पाहिलेली, त्यांनी "वा" म्हटलं. मी मनातल्या मनात खूश.

आणि ती हसली. मोठ्यानं नाही, पण हसलीच. "मॅडम, तुमी रोवणी धुऱ्यावरून पाहिली," म्हणाली. धुरा म्हणजे बांध, शेताची कड. मालकाच्या घरची माणसं छत्री घेऊन जिथं उभी राहतात ती जागा.

"मंग कशी असते?" मी विचारलं. माझा आवाज मलाच चिरका वाटला.

तिनं फळ्यावर खडूनं एक चौकोन काढला आणि त्यात ओळीनं दहा-बारा टिंबं. "ह्या बाया. रोवणी मागं-मागं सरकत कराची असते. ज्या बाईचा हात जड हाय तिले कडेला कधीच देत नाहीत, मधात घेतात. दोन्ही बाजूनं चलाख हाताच्या बाया. मधातली मागं राहून राहिली दिसली का उजवीकडची तिच्या दोन ओळी आपल्याकडं घेते, डावीकडची दोन घेते. कोणी बोलत नाही. गोष्टी चालू राहतात, गाणं चालू राहते. कधी कधी तिले स्वतःले बी समजत नाही."

"अन् नाही घेतल्या त?" तिरोड्याच्या सरांनी विचारलं.

"त ती तठीच राहते. दोन्हीकडं धान लागलेलं अना मधात थे एकटी. हात टाकाले जागा नाही, पाय हलवला का बाजूचे रोपं उपटून येतात. बांधीच्या मधात गल्ली राहून जाते. मंग थे गल्ली भराले सगळ्याइले परत चिखलात उतरा लागते. ज्याची त्याची पात केली ना मॅडम, त दिवसभरात अर्धी बांधी बी नाही लागत."

सगळे फळ्याकडं बघत होते. मुख्याध्यापक म्हणाले, "हे बरोबर आहे. आपण असंच बसू." आणि तिथल्या तिथं नियम ठरला. ज्या विषयात जो कच्चा, त्यानं त्या तासाला मध्ये बसायचं. दोन्ही बाजूला त्या विषयात हात चालणारी माणसं. शिकवणारा फळ्यावर शिकवेल, पण कच्च्याला सांभाळायचं काम शेजारच्यांचं. माझीच उपमा, माझ्याच तोंडातून निघालेली, आणि दहा मिनिटांत ती तिची झाली. वरून खरीही तिचीच होती. माझा नुसता तिळपापड झाला.

मला एक गोष्ट बोलून दाखवायची होती, ती घशाशी आली आणि मी गिळली. मी काही फक्त धुऱ्यावरून रोवणी पाहिली नव्हती. मी अकरा वर्षांची असताना हट्ट करून तीन दिवस बांधीत उतरले होते. बायका हसल्या, आई रागावली, पण मी ओळीत उभी राहून तीन दिवस रोवणी केली आणि एकदाही मागं पडले नाही. ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली आहे, मुलांना सांगितली आहे, शाळेत दर पावसाळ्यात पोरांना सांगते. अकरा वर्षांची पोर, पण मोठ्या बायांच्या बरोबरीनं.

परत जाताना बसस्टॉपवर उभी राहून मी आईला फोन लावला. आता ती ऐंशीच्या घरात आहे, पण जुन्या गोष्टी तिला लख्ख आठवतात. मी विचारलं, "आई, मी रोवणी केली होती ना तीन दिवस? मागं पडली होती का मी?"

"तू कायची मागं पडते?" आई म्हणाली. मला बरं वाटलं. मग म्हणाली, "मधात होती ना तू. उजवीकडं थे होती, तुह्या मैत्रिणीची माय. तिचा हात म्हंजे मशीन. तुह्या सहा ओळीतल्या चार त तिनंच लावल्या असतील."

"तू सांगितलं होतं का तिला?"

"मी कायले सांगू? रोवणीत असं सांगा लागते का?"

मी फोन ठेवला. बस आली, मी चढले, खिडकीजवळ जागा मिळाली. दोन्ही बाजूला धान गुडघ्याएवढं वाढलं होतं, हिरवंगार, आणि मला ते बघवत नव्हतं. चौतीस वर्षं मी ज्या गोष्टीची फुशारकी मारली ती गोष्ट तिच्या आईनं केली होती. लाज वाटायला हवी होती. वाटली असेल थोडी. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला असं वाटलं की ह्या मायलेकींनी माझ्याकडं काही म्हणून माझं राहू दिलं नाही.

आणि तरीही त्याच आठवड्यात मला एक गोष्ट सुचली. वीस वर्षांच्या गणित शिकवण्यात मला इतकं चांगलं काही सुचलं नव्हतं.

परीक्षेत काळ-कामाची गणितं येतात. अ एक काम सहा दिवसांत करतो, ब तेच काम बारा दिवसांत करतो, तर दोघे मिळून किती दिवसांत करतील? ह्यासाठी गाइडमध्ये सूत्र आहे. गुणाकार भागिले बेरीज. बाहत्तर भागिले अठरा, उत्तर चार. पोपटासारखं पाठ होतं. पण अ मधूनच काम सोडून गेला, किंवा क नावाचा तिसरा आला, की सूत्र कोलमडतं आणि माणूसही. मी वर्गात पोरांचे पेपर बघत बसले होते आणि एकदम डोळ्यांसमोर तिचा फळ्यावरचा चौकोन आला. कामाला काम म्हणायचंच नाही. बांधी म्हणायचं, आणि बांधीत बारा पाती आहेत असं धरायचं. पहिली बाई सहा दिवसांत बारा पाती लावते, म्हणजे दिवसाला दोन. दुसरी दिवसाला एक. दोघी मिळून तीन. बारा पाती चार दिवसांत लागल्या. एक बाई दोन दिवसांनी घरी गेली? तोवर सहा पाती झाल्या, उरलेल्या सहा दुसरी एकटी लावेल. अपूर्णांक नाही, सूत्र नाही. कुणीही आली, कुणीही गेली, पाती मोजायच्या.

मी माझ्या वहीत चौकोन आखला, बारा पाती पाडल्या, एका बाजूला दोन बायका काढल्या. तीन पानं भरून उदाहरणं लिहिली. शेकडेवारीचीही तशीच दोन पानं. मला इतका आनंद झाला की डबा खायचा राहिला.

मग विचार आला, हे रविवारी दाखवलं तर सगळे काय म्हणतील? म्हणतील, "हे तर यांच्या रोवणीवरून आलं." तिच्याकडं बघून म्हणतील. आणि ती हसेल, खरंखुरं, आनंदानं. मी वही मिटली.

रविवारी मी फळ्यावर सूत्र लिहिलं. गुणाकार भागिले बेरीज. "हे पाठ करा," म्हटलं, "एवढं पुरतं."

मध्ये गोंदियाच्या मॅडम बसल्या होत्या, कारण त्यांनी स्वतःच आपलं गणित शून्य म्हणून जाहीर केलं होतं. पण पहिल्या अर्ध्या तासात माझ्या लक्षात आलं की कच्ची दुसरीच होती. ती. माझ्या वर्गात नऊ वर्षं पहिली आलेली ती. तिचं गणित सगळं पाठांतराचं होतं, ओळीनं, सुबक, आणि आकडे जरा हलवले की तिचा हात थांबायचा. अपूर्णांकांच्या वजाबाकीला ती खडू घेऊन फळ्याजवळ उभी राहिली आणि तिची मान मला मागून दिसत होती, ताठ, जराही न हलणारी. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला तिच्यात काहीतरी कमी दिसलं. तो रविवार माझा फार छान गेला. घरी जाऊन मी शिरा केला.

तिनं "मी मधात बसते" असं म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. नियम तिचाच होता, पण गणिताच्या तासाला ती कडेला बसत राहिली, आणि मी तिला बसू दिलं.

बालमानसशास्त्रात मात्र मला मध्येच बसावं लागलं. ते माझ्या डोक्यात शिरत नाही. मूल कसं शिकतं याची कुणीतरी मांडलेली टप्प्याटप्प्याची कोष्टकं वाचली की मला झोप येते. ती फळ्यावर शिकवायची आणि मग उजवीकडं माझ्या शेजारी येऊन बसायची. "वर्गातली कोणतीबी एक पोरगी डोळ्यासमोर आण," म्हणायची, "अना मंग सांग, थे इथं काय करन?" मी चिडून उत्तर द्यायचे आणि ते बरोबर निघायचं. उत्तर चुकलं तर ती माझ्या पुस्तकात पेन्सिलनं बारीक अक्षरात लिहून ठेवायची, कुणाला न दाखवता. दोन महिन्यांत माझं पुस्तक तिच्या अक्षरानं भरून गेलं. दर रविवारी ती मला दोन ओळी पुढं सरकवत होती, मला कळत होतं, आणि मी माझी वही पिशवीतून बाहेर काढत नव्हते.

एकदा मात्र काढावी लागली. एका तासाला मला उदाहरणं लागली म्हणून मी वही टेबलावर ठेवली आणि मध्येच पोषण आहाराच्या बाई चहा घेऊन आल्या, म्हणून दारापर्यंत गेले. परत आले तर वही बंद होती आणि माझ्या पिशवीत होती. मला वाटलं मीच ठेवली असेल.

नवरा एकदा म्हणाला, "कसा चालू आहे अभ्यास तुमचा?" मी म्हटलं, "सगळे मिळून करतो." त्यानं बरं म्हटलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच दोन भांडी आपटली.

मी स्वतःला समजवायचेही. मी शिकवत नाही असं थोडंच आहे? दर रविवारी दीड तास घसा कोरडा करते. सूत्र सगळ्यांना दिलं. गाइडमध्ये आहे ते सगळं दिलं. माझ्या डोक्यातलं, माझ्या वहीतलं द्यायलाच हवं असा कुठं कायदा आहे? आणि हुशार आहे ना ती? पहिला नंबर ना तिचा? मग काढेल स्वतःच.

दिवाळीनंतर गोंदियाला परीक्षा झाली. धान कापणीचे दिवस, शहरात धुळीचा लोट आणि परीक्षा केंद्राबाहेर आमच्या वयाच्या माणसांची ही गर्दी. पांढऱ्या केसांचे सर लोक हातात पाण्याची बाटली घेऊन पोरांसारखे शेवटच्या मिनिटाला गाइड चाळत होते. आम्ही पाच जण एकत्र गेलो, एकत्र परत आलो. गाडीत गोंदियाच्या मॅडम म्हणाल्या, "वो तीन लोग वाला सवाल, जिसमें एक बीच में काम छोड़ देता है, वो किसी का हुआ क्या?" माझं आलं होतं. पाती मोजून आलं होतं. मी खिडकीबाहेर बघत होते.

निकाल थंडीत लागला. मधल्या सुट्टीत सगळे मुख्याध्यापकांच्या मोबाइलभोवती जमलो. मुख्याध्यापक पास, तिरोड्याचे सर पास. गोंदियाच्या मॅडम अगदी काठावर, पण पास, त्या तिथंच रडायला लागल्या. मी पास. सगळ्यात जास्त गुण मला कुठल्या विषयात पडले होते? बालमानसशास्त्रात.

ती चार गुणांनी नापास.

बाकीच्या चारही विषयांत तिचे गुण आमच्या सगळ्यांपेक्षा चांगले. गणितानं घात केला होता. तिनं मोबाइल हातात घेतला, एकदा वाचलं, परत दिला. "माहं राहिलं," म्हणाली. मग घंटा झाली आणि ती वर्गावर गेली. तिच्या वर्गातून नेहमीसारखा पाढ्यांचा आवाज आला.

आता जे सांगते ते कुणाला सांगण्यासारखं नाही. सर्वांत आधी, अगदी पहिल्या क्षणाला, मला बरं वाटलं. पहिला नंबर माझा. दुसऱ्याच क्षणी मी भिंतीला धरलं. हा निकाल वर्गातल्या नंबराचा नव्हता. तिचा नवरा तीन वर्षांपासून अंथरुणावर आहे, दोन्ही पोरांची शिक्षणं चालू आहेत, घर तिच्या पगारावर आहे. चार गुण. चार गुण माझ्या पिशवीत, पाच पानांवर पडून होते, दर रविवारी दहा ते साडेअकरा.

त्या आठवड्यात मी तिच्याशी बोलायचं टाळलं. पुन्हा परीक्षा देता येते, असं सगळे तिला सांगत होते. तिला ते माहीत होतं. शनिवारी सुट्टी झाल्यावर तिनं सगळ्यांना थांबवलं. मुख्याध्यापक, सर, मॅडम, मी. उभी राहिली आणि म्हणाली, "मले उद्यापासून परत बसा लागते. तुमी सगळे पास झाले, तुमाले आता गरज नाही. पण मी एकटी नाही करू शकत. गणितात मी कच्ची हाय. पहिल्या दिवसापासून होती. लाज वाटली म्हणून मधात नाही बसली. उद्या जो येईल त्याचे उपकार."

मुख्याध्यापक लगेच म्हणाले, "सगळेच येऊ." गोंदियाच्या मॅडम पुन्हा रडायला लागल्या. मी माझी पिशवी उचलली.

रविवारी मी साडेनऊलाच गेले. ती एकटी होती, वर्ग झाडत होती. मी पिशवीतून वही काढली, ते पान उघडलं आणि बाकावर ठेवलं. म्हटलं, "हे मला तेव्हाच सुचलं होतं. तुझ्या रोवणीवरून. दुसऱ्या रविवारच्या आधीच. मी शिकवलं नाही. मुद्दाम शिकवलं नाही."

तिनं झाडू भिंतीला टेकवला. वहीकडं बघितलंही नाही.

"मले मालूम हाय," म्हणाली. "त्या दिवशी उदाहरण पाहाले उघडली मी तुही वही. बारा पाती. दोन बाया. पाहिलं अना तुह्या पिशवीत ठेवून देली."

"मग मागितली का नाही?" मी ओरडलेच. "काऊन नाही मागितली वो? मी दिली असती!"

"देली असती," ती म्हणाली. "म्हणूनच नाही मागितली." मग बाकाच्या कडेवर बोट फिरवत म्हणाली, "तुले काय वाटते, हेवा तुलेच होते? तू धुऱ्यावर छत्री घेऊन उभी राहाची, नव्या फ्राकात. मी विहाराच्या पायरीवर बसून पाहाची. माही माय चिखलात, अना तू सावलीत. पहिला नंबर आणला का मले वाटे, आज मी तिच्या वर. तेवढंच एक होतं माह्याजवळ. माह्या मायनं तुही पात लावली, अना मी तुह्याजवळ हात पसरू? नाही जमलं मले. चार गुण गेले, पण नाही जमलं."

मला वाटत होतं ती चांगली आहे आणि मी वाईट आहे. त्या हिशेबात मी सुखी होते. आता तोही राहिला नाही.

"आणि आता?" मी विचारलं.

तिनं बाक ओढला. भिंतीजवळचा नाही, मधला. त्यावर बसली, वही जवळ घेतली आणि चष्मा लावला.

"आता मागून राहिली ना," म्हणाली. "शिकव."

मी खडू घेतला. फळ्याकडं तोंड केलं, कारण तिच्याकडं बघवत नव्हतं. मला आयुष्यात कधी कुणाकडं काही मागता आलेलं नाही, दुखणं आलं तरी नवऱ्याला पाणी मागत नाही मी. आणि ही माझ्यासमोर, मधल्या बाकावर, पदर खोचून बसली होती आणि मागत होती. तिचा इतका हेवा मला आजवर कधी वाटला नव्हता.